शहरी वाहतुकीतील स्कूटरस्वाराची सुरक्षितता : पुणे शहराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पुणे शहराची ओळख एके काळी सायकलींचे शहर अशी होती. १९७२ साली लुना व बजाज चेतक ही वाहने बाजारात आली आणि मध्यमवर्गीय कुटुंबाच्या अंगणात सायकलीच्या शेजारी स्वयंचलित दुचाकी उभी राहू लागली. १९८४ मध्ये आलेल्या किनेटिक होंडाने गिअर बदलण्याचा व किक मारण्याचा त्रास संपविला. पुढे २००१ पासून होंडा अॅक्टिव्हा व तिच्यासारख्या विनागिअर स्कूटरींनी शहराचे रस्ते व्यापले. विद्यार्थिनी, नोकरदार स्त्रिया, निवृत्त नागरिक आणि अध्यापक या सर्वांना स्वतःच्या वेळेनुसार प्रवास करण्याचे स्वातंत्र्य या वाहनाने दिले, हे मान्य करावे लागेल. शहराचा विस्तार नऱ्हे, आंबेगाव, वारजे, वाघोलीपर्यंत झाला आणि अनेक महाविद्यालये उपनगरांत गेली. त्या प्रमाणात सार्वजनिक वाहतूक पोहोचली नाही. ही उणीव स्कूटरने भरून काढली.

मात्र या सोयीबरोबर एक समज रूढ झाला. ‘शहरात वेग कुठे असतो? हेल्मेट आणि सावधगिरी महामार्गावर हवी,’ असे सुशिक्षित वर्गातही सहज बोलले जाते. पुण्यात हेल्मेटसक्तीला वेळोवेळी झालेल्या विरोधाचा, विशेषतः जानेवारी २०१९ मधील आंदोलनाचा, एक प्रमुख आधार हाच युक्तिवाद होता. हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. शहरातील धोका केवळ वेगातून निर्माण होत नाही. अंतर आणि अवधी यांचा अभाव हे त्याचे मूळ कारण आहे. हे सूत्र स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. शहरी वाहतुकीत स्कूटरस्वारास असलेल्या धोक्याचे स्वरूप समजून घेणे.
२. थांबण्याचे अंतर, स्कूटरची रचना व हेल्मेटचे कार्य यांमागील तत्त्वे स्पष्ट करणे.
३. संबंधित कायदेशीर तरतुदींचा परिचय करून देणे.
४. महाविद्यालयाच्या पातळीवर करता येण्याजोग्या उपाययोजना सुचविणे.

प्रश्नाचे गांभीर्य

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. मृतांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होते. याच वर्षी हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ व्यक्तींचा मृत्यू झाल्याची नोंद आहे. त्यांपैकी ३५,६९२ चालक, तर १४,३३७ मागे बसलेले सहप्रवासी होते. हेल्मेट असते तर हे सर्व जण वाचले असते, असा या आकड्यांचा अर्थ काढता येणार नाही, कारण डोक्याखेरीज अन्य अवयवांच्या दुखापतीही प्राणघातक ठरतात. तरीही मृतांमध्ये सहप्रवाशांचे प्रमाण चौथ्या हिश्श्याहून अधिक असावे, ही बाब विचार करायला लावणारी आहे. वेळेच्या दृष्टीने पाहता सर्वाधिक अपघात सायंकाळी सहा ते नऊ या वेळेत घडतात. महाविद्यालये, कार्यालये व बाजार यांतून परतणाऱ्या थकलेल्या माणसांची ही वेळ असते.

थांबण्याचे अंतर : एक साधे गणित

ब्रेक दाबताक्षणी वाहन थांबते, असे आपण नकळत गृहीत धरतो. प्रत्यक्षात थांबण्याच्या क्रियेचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात डोळ्यांना अडथळा दिसतो, मेंदू निर्णय घेतो आणि बोटे ब्रेकवर पडतात. यास सुमारे एक सेकंद लागतो, असे मानू. दुसऱ्या टप्प्यात ब्रेक प्रत्यक्ष कार्य करतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो, असे धरल्यास पुढील हिशोब मिळतो.

ताशी ३० किलोमीटर वेगाने : पहिला टप्पा ८ मीटर, दुसरा ७ मीटर, एकूण सुमारे १५ मीटर.
ताशी ४० किलोमीटर वेगाने : पहिला टप्पा ११ मीटर, दुसरा १२ मीटर, एकूण सुमारे २३ मीटर.
ताशी ६० किलोमीटर वेगाने : पहिला टप्पा १७ मीटर, दुसरा २८ मीटर, एकूण सुमारे ४४ मीटर.

वेग दुप्पट झाला की दुसऱ्या टप्प्यातील अंतर चौपट होते, हे यावरून दिसून येईल. रस्ता ओला असून ब्रेकचा परिणाम सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंद इतकाच राहिला, तर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्कूटरला थांबण्यास सुमारे ३२ मीटर लागतील. हे अंतर तीन शहरी बसगाड्या एकामागे एक उभ्या केल्यावर होणाऱ्या लांबीएवढे आहे.

आता कर्वे रस्ता किंवा सातारा रस्ता यांवरील सायंकाळच्या गर्दीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. पुढील वाहनापासून चार-पाच मीटर अंतर ठेवून ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वारास ब्रेक दाबण्यापुरताही अवकाश नसतो. पुढील वाहन हळूहळू थांबले तर निभावते. रिक्षा प्रवाशासाठी अचानक थांबली किंवा पादचारी दुभाजकावरून उतरला, तर स्वाराचे कौशल्य कामास येत नाही. पुढील वाहन ज्या खुणेजवळून गेले तेथे आपण किमान दोन सेकंदांनी पोहोचावे, असा संकेत यासाठीच सांगितला जातो. गर्दीत एवढी जागा सोडली की दुसरा कोणीतरी त्यात घुसतो, हा आक्षेप खरा आहे. अशा वेळी पुन्हा किंचित मागे राहणे, पुढील वाहनाच्या ऐन मागे न राहता थोडे बाजूला राहणे आणि वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत ठेवणे हे तीन उपाय शक्य असतात. आठ किलोमीटरच्या मार्गावर ताशी सरासरी २४ ऐवजी २० किलोमीटर वेगाने गेल्यास फक्त चार मिनिटे अधिक लागतात. सुरक्षिततेचे मोल एवढेच असते.

स्कूटरच्या रचनेतील मर्यादा

स्कूटर आणि मोटरसायकल यांच्या रचनेत महत्त्वाचे फरक आहेत. मोटरसायकलची चाके साधारणतः १७ ते १८ इंचांची, तर स्कूटरची १० ते १२ इंचांची असतात. लहान चाक खड्ड्यात अधिक खोल उतरते व खड्ड्याच्या कडेवर अधिक उभ्या कोनात आदळते. जो खड्डा मोटरसायकल हिसका बसून ओलांडते, तोच स्कूटरचे हँडल हातातून सोडवू शकतो. शिवाय स्कूटरचे इंजिन मागील बाजूस असल्याने पुढील चाकावर तुलनेने कमी भार येतो.

दुसरा फरक ब्रेकच्या संदर्भातील आहे. मोटरसायकलस्वार खालचा गिअर टाकून इंजिनाच्या साहाय्याने वेग कमी करू शकतो. विनागिअर स्कूटरमध्ये ही सोय फारशी नसते, त्यामुळे तिची सर्व भिस्त ब्रेकवर असते. ब्रेक दाबताच वाहनाचा भार पुढील चाकाकडे सरकतो आणि थांबविण्याची मोठी क्षमता त्याच चाकात येते. तरीही ‘पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते’ या भीतीने अनेक जण केवळ डावा, म्हणजे मागील ब्रेक वापरतात. परिणामी मागील चाक जागीच थांबून घसरते व थांबण्याचे अंतर वाढते. दोन्ही ब्रेक एकत्र, हिसका न देता व दाब वाढवीत वापरणे ही योग्य पद्धत आहे. मात्र वळणावर, कच पडलेल्या जागी किंवा ओल्या रंगीत पट्ट्यांवर पुढील ब्रेक जोराने दाबू नये. तेथे पोहोचण्यापूर्वीच वेग कमी करावा.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना संयुक्त ब्रेक प्रणाली किंवा चाक जागीच अडकू न देणारी एबीएस प्रणाली बंधनकारक करण्यात आली. संयुक्त प्रणालीत डावा ब्रेक दाबल्यास पुढील चाकावरही काही दाब येतो. त्याआधीच्या स्कूटरींत ही सोय असेलच असे नाही, हे जुन्या वाहनांच्या मालकांनी लक्षात ठेवावे.

सामानाची बाबही येथे नोंदविणे आवश्यक आहे. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, ग्रंथ किंवा किराणा मालाची पिशवी पायांजवळ ठेवण्याची सवय सार्वत्रिक आहे. अशा वेळी तोल जाताच पाय चटकन जमिनीवर टेकता येत नाही. हँडलला अडकविलेली पिशवी तर वळण घेताना थेट अडथळा आणते. जड सामान डिकीत किंवा पाठीवरील घट्ट बांधलेल्या पिशवीत असावे.

चौक, अवजड वाहने आणि उभ्या मोटारी

शहरातील धोक्याची ठिकाणे बहुतांशी ठरलेली असतात. पहिले ठिकाण चौक होय. सिग्नल हिरवा होण्याआधीच दोन-तीन सेकंद वाहने पुढे सरकू लागतात आणि त्याच वेळी आडव्या रस्त्यावरील काही वाहने लाल दिवा लागूनही निघून जाण्याच्या प्रयत्नात असतात. सिग्नल मिळाल्यावरही दोन्ही बाजूंना पाहून मगच पुढे जाणे हा यावरील सोपा उपाय आहे. राँग साइडने येणारे वाहन हे शहरातील नित्याचे वास्तव असल्याने एकेरी रस्त्यावरही दोन्ही दिशांना पाहावे लागते.

दुसरा धोका बस, डंपर व सिमेंट मिक्सर यांसारख्या अवजड वाहनांचा आहे. या वाहनांच्या डाव्या बाजूचा व पुढील भागालगतचा बराच पट्टा चालकास दिसत नाही. डावीकडे वळताना अशा वाहनाची मागील चाके पुढील चाकांपेक्षा आतून जातात. त्यामुळे बस आणि पदपथ यांमधील फटीतून पुढे जाणारा स्कूटरस्वार मागील चाकाखाली सापडण्याचा संभव असतो. चालकाचा आरसा आपल्याला दिसत नसेल तर चालकालाही आपण दिसत नाही, असे समजावे. सिग्नलला थांबतानाही अवजड वाहनाच्या डाव्या कडेला किंवा अगदी पुढ्यात थांबणे टाळावे.

उपनगरांकडे जाणाऱ्यांसाठी हा मुद्दा अधिक गंभीर आहे. नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या तीव्र उतारावर आंतरशहरी अवजड वाहतूक व स्थानिक दुचाकी एकत्र येतात. २० नोव्हेंबर २०२२ रोजी या भागात एका अवजड वाहनाच्या धडकेने चाळीसहून अधिक वाहनांचे नुकसान झाले होते. अशा ठिकाणी स्वाराचा दोष नसतानाही अपघात घडतो. म्हणून शक्य तेथे सेवा रस्त्याचा किंवा थोड्या लांबच्या पर्यायी मार्गाचा अवलंब करणे शहाणपणाचे ठरते.

तिसरा धोका उभ्या मोटारींचा आहे. लक्ष्मी रस्त्यासारख्या बाजारपेठेत कडेला उभ्या असलेल्या मोटारीचे दार अचानक उघडते. दार टाळण्यासाठी स्वार उजवीकडे वळतो व मागून येणाऱ्या वाहनाखाली सापडतो. अशा मोटारींपासून किमान एक मीटर अंतर राखणे व आत कोणी बसले आहे का, याकडे लक्ष ठेवणे इष्ट होय.

पावसाळा आणि रात्र

पहिल्या पावसात रस्त्यावरील तेल, धूळ व टायरचे कण पाण्यात मिसळून निसरडा थर तयार होतो. संततधार पावसाने हा थर वाहून जातो. त्यामुळे पुष्कळदा मुसळधार पावसापेक्षा पहिल्या सरीच अधिक धोकादायक ठरतात. चेंबरची लोखंडी झाकणे, झेब्रा पट्टे, ओला पाला व रस्त्याच्या कामासाठी टाकलेले पत्रे यांवर स्कूटर सरळ ठेवावी आणि तेथे ब्रेक किंवा वळण टाळावे. साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे असेच गृहीत धरावे. टायरच्या खाचा झिजल्या असल्यास त्या पाणी बाजूला सारू शकत नाहीत, म्हणून मे महिन्यातच टायर तपासून घेणे हितावह असते.

रात्रीच्या वेळी आपल्याला दिसणे जितके महत्त्वाचे, तितकेच इतरांना आपण दिसणे महत्त्वाचे असते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढील दिवा वाहन सुरू असताना कायम तेवत राहतो. त्यामागील हेतू हाच आहे. मागील दिवा बंद पडल्याचे मात्र स्वारास कळत नाही, त्यामुळे तो आठवड्यातून एकदा तपासावा. काळा रेनकोट घातलेला स्वार पावसाळी संध्याकाळी जवळजवळ अदृश्य असतो. फिकट किंवा चकाकणारी पट्टी असलेला रेनकोट अधिक सुरक्षित होय.

हेल्मेट : शास्त्रीय भूमिका

१९३५ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या नावाने प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स मोटरसायकल अपघातात डोक्यास मार लागून मरण पावले. त्यांच्यावरील उपचारांत सहभागी असलेले शल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे या विषयाचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटचे महत्त्व प्रतिपादन करणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केला. हेल्मेटमुळे अपघातग्रस्त स्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे.

‘कमी वेगात हेल्मेट कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर साध्या पदार्थविज्ञानात आहे. स्कूटरवर बसलेल्या व्यक्तीचे डोके जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच असते. उभ्या स्कूटरवरून ती व्यक्ती आडवी पडली, तरी डोके जमिनीवर ताशी सुमारे १९ किलोमीटर वेगाने आदळू शकते. उघडे डोके रस्त्यावर आदळून केवळ तीन मिलिमीटर अंतरात थांबले, असे मानल्यास त्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे पाचशे पट मंदन येते. हेल्मेटच्या आतील फेसाचा थर चेपला जाऊन तेच अंतर तीस मिलिमीटर झाले, तर हे प्रमाण पन्नास पटींवर येते. हा हिशोब ढोबळ असला तरी त्यातून हेल्मेटचे कार्य स्पष्ट होते. बाहेरील कवच आघात विभागते, तर आतील थर डोक्याला थांबण्यासाठी अंतर व अवधी मिळवून देतो. रस्त्यावर स्वाराला जे मिळत नाही, ते हेल्मेट शेवटच्या क्षणी काही मिलिमीटरांच्या रूपाने देते.

यावरून काही व्यावहारिक सूचना निघतात. आतील थर एकदा चेपला की पूर्ववत होत नाही, म्हणून मोठ्या आघातानंतर हेल्मेट बदलावे. टोपीसारख्या कवचात असा थर नसल्याने ते केवळ दंड टाळण्यापुरते उपयोगी असते. हेल्मेटवर आयएस ४१५१ या मानकाचे आयएसआय चिन्ह असावे. १ जून २०२१ पासून या चिन्हाविना दुचाकीच्या हेल्मेटची विक्री करण्यास मनाई आहे. हनुवटीखालील पट्टा न बांधल्यास हेल्मेट आघातापूर्वीच निसटते. उकाडा, केस व मानेचा त्रास या तक्रारी खोट्या नाहीत. परंतु योग्य मापाचे, वायुवीजनाची सोय असलेले हलके हेल्मेट व आत सुती रुमाल हा त्यांवरील उपाय आहे. चेहऱ्याला बांधलेला स्कार्फ धूळ व उन्हापासून रक्षण करतो, आघातापासून नव्हे.

सहप्रवासी, बालके आणि वस्त्रे

डबलसीट बसलेल्या व्यक्तीस पुढील रस्ता दिसत नसतो व ब्रेकचा अंदाजही येत नाही. एका बाजूस पाय सोडून बसल्यास तोल राखणे आणखी कठीण होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार दुचाकीला सहप्रवाशासाठी हाताची पकड, पाय ठेवण्याची सोय व वस्त्र चाकात अडकू नये म्हणून मागील चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे संरक्षक साधन असणे आवश्यक आहे. तरीही साडीचा पदर किंवा ओढणी चाकात वा साखळीत अडकून गळ्याला फास बसण्याचा धोका राहतो. निघण्यापूर्वी पदर खोचणे व ओढणीची टोके बांधून घेणे ही क्षुल्लक वाटणारी कृती जीव वाचवू शकते.

चार वर्षांखालील बालकासाठी चालकास जोडणारा सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांवरील बालकास हेल्मेट आणि ताशी कमाल ४० किलोमीटर वेग हे नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहेत. पायांजवळ उभे केलेले मूल अचानक ब्रेक लागताच थेट हँडलवर आदळते, हे पालकांनी जाणून घ्यावे.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार चालक व चार वर्षांवरील सहप्रवासी या दोघांनाही हेल्मेट बंधनकारक आहे. पगडी परिधान करणाऱ्या शीख व्यक्तींना यातून सूट आहे. हे बंधन शहराबाहेरच लागू आहे, असे कायदा कोठेही म्हणत नाही. कलम १२८ नुसार चालकाखेरीज एकाच व्यक्तीस बसविता येते.

महाविद्यालयांच्या दृष्टीने कलम ४ व २०१९ च्या सुधारणेने आलेले कलम १९९-अ ही विशेष महत्त्वाची आहेत. अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी, सोळाव्या वर्षापासून, केवळ ५० सीसीपर्यंतचे वाहन चालविण्याची मुभा आहे. बाजारात सर्रास आढळणाऱ्या ११० ते १२५ सीसी स्कूटरी या मर्यादेत बसत नाहीत. म्हणजेच अशी स्कूटर घेऊन येणारा अकरावी-बारावीचा अल्पवयीन विद्यार्थी अवैधरीत्या वाहन चालवीत असतो. अल्पवयीनाकडून गुन्हा घडल्यास पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

अपघातानंतरची मदत

अपघातानंतरच्या पहिल्या तासात मिळणारे उपचार निर्णायक असतात. मात्र पोलीस चौकशीच्या भीतीने अनेक जण मदत करण्याचे टाळतात. ही भीती आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, तर २०१९ च्या सुधारणेने कलम १३४-अ द्वारे त्यांना वैधानिक आधार दिला. मदतकर्त्यास नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. १०८ किंवा ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा, जखमीची मान वाकवू नये, वाहत्या रक्तावर स्वच्छ कापडाने दाब द्यावा आणि बेशुद्ध व्यक्तीस पाणी पाजू नये.

महाविद्यालयाची भूमिका

रस्त्यांची दुरुस्ती व वाहतुकीचे नियमन ही शासन व महापालिकेची जबाबदारी आहे आणि व्यक्तीच्या सावधगिरीने ती संपत नाही. तथापि, महाविद्यालयास स्वतःच्या कक्षेत पुढील गोष्टी करता येतील.

१. वाहनतळात प्रवेश देताना हेल्मेटची अट विद्यार्थ्यांप्रमाणेच प्राध्यापक व कर्मचाऱ्यांनाही लावावी. हेल्मेट ठेवण्याची सुरक्षित जागा नसणे हे ते न वापरण्याचे एक कारण असते. म्हणून साधी मांडणी किंवा कुलूपबंद कप्पे उपलब्ध करून द्यावेत.
२. कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या वेळी पालकांना कलम १९९-अ ची लेखी माहिती द्यावी.
३. राष्ट्रीय सेवा योजनेमार्फत परिसरातील धोक्याची ठिकाणे, बंद पथदिवे व खड्डे यांची नोंद करून ती महापालिका व वाहतूक पोलिसांकडे पाठवावी.
४. भौतिकशास्त्राच्या अध्यापनात थांबण्याचे अंतर व आघात यांची उदाहरणे घ्यावीत.
५. पहिल्या तासिकेला काही मिनिटे उशीर झाल्यास होणारी शिक्षा व त्यासाठी होणारी धावपळ यांचा संबंध तपासावा. पावसाळ्यात थोडी सवलत देणे अवघड नाही.

निष्कर्ष

शहरातील वाहतूक संथ असली तरी ती दाट, अनिश्चित व संमिश्र आहे. स्कूटरस्वाराभोवती लोखंडी कवच नसते. त्याचे संरक्षण पुढील वाहनापासून राखलेले अंतर, निर्णयासाठी हाती असलेला अवधी आणि डोक्यावरील हेल्मेट यांतूनच होते. थोडे लवकर निघणे, थोडे मागे राहणे, दोन्ही ब्रेक वापरण्याची सवय लावून घेणे व हेल्मेटचा पट्टा बांधणे यांपैकी एकाही गोष्टीस मोठा खर्च लागत नाही. विद्यार्थी नियमांच्या फलकापेक्षा प्राध्यापकांच्या वर्तनाकडे अधिक लक्षपूर्वक पाहत असतात. त्यामुळे महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारातून आत येणाऱ्या अध्यापकाच्या डोक्यावर हेल्मेट असणे, हाच या विषयावरील सर्वांत परिणामकारक पाठ ठरू शकेल.